धर्मनिरपेक्षतेमुळे दंगली थांबतात की वाढतात? (लांबलचक धागा, चहा घेऊन बसा)

कृष्णाकाठ (धागालेखक)

आमच्या गावच्या वाचनालयात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी अभ्यासवर्ग भरतो. दहा-बारा डोकी, त्यातली चार चहासाठी येणारी. पुढची पाळी माझी आहे आणि मी भरीस पडून विषय घेतलाय 'धर्मनिरपेक्षता : अभ्यासकांचा वाद'. जितकं वाचतोय तितका गुंता वाढतोय, म्हणून इथे आलो.

मला समजलं ते असं. १९८०च्या दशकात, म्हणजे शाहबानो निकाल आणि अयोध्येतलं कुलूप निघणं या सगळ्याच्या आसपास, आशिष नंदी आणि त्रिलोकीनाथ मदन या दोघा समाज-अभ्यासकांनी खुद्द धर्मनिरपेक्षतेवरच बोट ठेवलं. नंदी म्हणतात, एक धर्म असतो श्रद्धेने जगण्याचा आणि दुसरा असतो राजकारणात झेंड्यासारखा वापरण्याचा. आधुनिक शासन पहिल्याला अडाणी ठरवून बाजूला सारतं आणि मैदान आपोआप दुसऱ्याला मोकळं होतं. मदन यांनी १९८७ साली त्याहून कडक लिहिलं : दक्षिण आशियात धर्मनिरपेक्षता ही लोकांची जीवनश्रद्धा होणं अशक्य, राज्यकारभाराचा पाया म्हणून ती अव्यवहार्य आणि उद्याचा आराखडा म्हणून निष्प्रभ.

यानंतर आले एस. एन. बालगंगाधर (मूळचे बंगळुरूचे, अध्यापन बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात) आणि त्यांचे सहकारी याकोब द रोव्हर. त्यांचा मुद्दा डोक्यात भुंग्यासारखा फिरतोय. ख्रिस्ती आणि इस्लाम यांच्यात धर्म हा खऱ्या-खोट्याचा प्रश्न आहे, म्हणून धर्मप्रसार हा धर्माचाच भाग. हिंदू परंपरांत 'तुझा देव तुला, माझा मला', म्हणून तिथे धर्मांतर म्हणजे परक्याच्या स्वयंपाकघरात शिरणं. आता शासनाने धर्मांतराला मुभा दिली की पहिल्यांची धर्माची कल्पना मान्य केल्यासारखं होतं आणि बंदी घातली की दुसऱ्यांची. तटस्थ उभं राहायला तिसरी जागाच नाही! आणि या ओढाताणीत हिंदू परंपराही 'आमचंही एकच सत्य' अशा साच्यात स्वतःला ओतून घेतात, त्यातून भांडण आणखी पेटतं.

माझ्या आजोळी (सांगली जिल्हा) मोहरमला पंजे (हाताच्या आकाराची निशाणं) बसायचे. आजी नवस बोलायची, चोंगे (गोड पोळ्या) करायची, घरात फकीर व्हायची प्रथा होती. धर्मनिरपेक्षता हा शब्द तिने आयुष्यात ऐकला नसेल. मग नंदी बरोबर आहेत का? शांतता राखत होती ती परंपरा, आणि शासनाच्या तत्त्वाने ती बिघडवली?

अनुभव सांगा, पुस्तकातलं सांगा. पक्षांची धुळवड नको.

---

निमसरकारी

जागा पकडून ठेवतो. चारशे प्रतिसाद आणि तीन आयडी उडणार, पैज.

---

जरा_थांबा

आजी छान. पण आजीच्या अंगणावरून देशाचा इतिहास लिहू नये.

पुण्यात १८९३ पर्यंत हिंदू घरांतून ताबूत निघायचे, डोल्यांपुढे हिंदूच नाचायचे. ११ ऑगस्ट १८९३ ला मुंबईत दंगल झाली आणि पुढच्या एका वर्षात पुण्याच्या हिंदूंनी मोठ्या संख्येने मोहरमकडे पाठ फिरवली. मशिदीपुढे वाजंत्री वाजवायची की नाही हा कळीचा वाद झाला आणि सार्वजनिक गणेशोत्सव उभा राहिला. इतकी जुनी परंपरा एका वर्षात वाळूत मुरली. तेव्हा 'सेक्युलर' शब्द राज्यघटनेत असायला राज्यघटनाच नव्हती. नंदींचा आरोपी घटनास्थळी हजरच नाही.

आणि इंग्रजांच्या आधी सगळं आलबेल होतं असंही नाही. इतिहासकार सी. ए. बेली यांनी १९८५ सालच्या लेखात अठराव्या शतकातल्या अशा दंग्यांची जंत्रीच दिली आहे. अहमदाबादेत औरंगजेबाच्या मृत्यूनंतर सात-आठ वर्षांत होळीवरून मोठी दंगल झाली होती.

---

गावठी_तत्त्वज्ञ

सार्वजनिक गणेशोत्सव म्हणालात? आता कोणीतरी येऊन तो सुरू कोणी केला, टिळक की भाऊ रंगारी, हा वाद काढणार. हिंदू-मुस्लिम प्रश्न एकवेळ सुटेल, हा नाही सुटणार.

---

निमसरकारी

भाऊ रंगारी. १८९२. घ्या, सुरू करा. :)

---

शब्दपिपासू

थोडं अवांतर, पण मुळाशी जाणारं. घटनेच्या उद्देशिकेत १९७६ साली ४२व्या दुरुस्तीने जो शब्द घातला तो मराठीत 'धर्मनिरपेक्ष' आणि हिंदीत 'पंथनिरपेक्ष' आहे. एकाच घटनेची दोन भाषांतरं, दोन वेगळे अर्थ. धर्म म्हणजे कर्तव्य, नीती असं धरलं तर 'धर्मनिरपेक्ष राज्य' म्हणजे नीती सोडलेलं राज्य! 'इहवादी' हा शब्द मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतो. आपल्याकडे शाळेत शिकवतात ते 'सर्वधर्मसमभाव', ती चौथीच गोष्ट. निम्मे वाद तर शब्दांचे आहेत.

---

वकीलीण

शब्दपिपासू, निम्मे शब्दांचे, मान्य. उरलेले निम्मे न्यायालयात येतात, ते सांगते.

दुरुस्ती १९७६ ची असली तरी वाद जुना आहे. के. टी. शाह यांनी १५ नोव्हेंबर १९४८ ला 'सेक्युलर' शब्द घालायची सूचना घटनासभेत आणली होती, ती फेटाळली गेली. शब्द नव्हता, पण धार्मिक स्वातंत्र्याची कलम २५ ते २८ होती, आणि ती तटस्थ वगैरे नाहीतच. २५(२)(ब) राज्याला सरळ सांगतं की हिंदूंची सार्वजनिक मंदिरं सर्व जातींना खुली करायचा कायदा तू करू शकतोस. राजकीय तत्त्वज्ञ राजीव भार्गव यालाच 'तत्त्वनिष्ठ अंतर' म्हणतात. राज्याने सर्व धर्मांपासून सारख्याच हाताच्या अंतरावर उभं राहायची गरज नाही. समता आणि स्वातंत्र्यासाठी कुठे जवळ जावं, कुठे लांब राहावं, फक्त कारण तत्त्वाचं हवं. मतांचं नको.

बालगंगाधरांच्या मुद्द्याला मात्र आमच्या पेशात चांगलाच पुरावा आहे. कलम २५ धर्माचा 'प्रचार' करायचा हक्क देतं. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओडिशा आणि मध्य प्रदेशचे धर्मांतरविरोधी कायदे उचलून धरताना सांगितलं की प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. निकाल आवडो न आवडो, न्यायालयाला एक बाजू घ्यावीच लागली.

---

स्पष्टवक्ता

म्हणजे शेवटी तेच. मंदिरात सरकार घुसणार, बाकीच्यांना हात लावायची हिंमत नाही. पंढरपूरचं मंदिर १९७३ च्या कायद्याने घेतलं, बडवे-उत्पात (तिथले वंशपरंपरागत पुजारी) २०१४ पर्यंत कोर्टात लढून हरले. असं दुसऱ्या कोणाच्या बाबतीत करून दाखवा. धर्मनिरपेक्षता म्हणजे बहुसंख्याकांनी ऐकून घ्यायचं व्रत. मदन बरोबरच आहेत.

---

वेशीबाहेर

स्पष्टवक्ता, पंढरपूरचं नाव तुम्ही काढलंत हे बरं झालं.

माझे आजोबा वारीला जायचे. पिढ्यान्‌पिढ्या. विठ्ठलाचं दर्शन नामदेव पायरीपर्यंत, चोखोबाच्या समाधीशी, तिथून मागे. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी दहा दिवस उपाशी राहिले तेव्हा दार उघडलं. 'परंपरेची सहिष्णुता' असं नंदी म्हणतात ना, तिचा पत्ता मला हवाय. प्रत्येकाला आपापली जागा होती हे खरंच. आमची जागा वेशीबाहेर होती. शांतता होती, कारण कोणी जागा सोडत नव्हतं.

धागालेखक, तुमच्या आजोळी पंजापुढे हलगी कोण वाजवायचं आणि चोंगे खायला पंगतीत कोण बसायचं, हे एकदा विचारून बघा.

---

कृष्णाकाठ

वेशीबाहेर, विचारलं. मामा आधी गप्प झाले. मग म्हणाले, "हलगीवाल्यांना चोंगे हातात वरून टाकायचे." हे मला ठाऊक नव्हतं. मूळ लेखात आजीचं चित्र रंगवलं ते राहू देतो, पण ही ओळ त्याच्या शेजारी असू दे.

---

वकीलीण

स्पष्टवक्ता, तुमच्या आरोपातला एक भाग खरा आहे, पण उदाहरण उलटं वापरलंत. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कारविरोधी कायदा केला, तो सगळ्या धर्मांना लागू होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण बहिष्कार टाकणं हा त्यांच्या धर्मव्यवस्थेचा भाग मानला गेला. सरन्यायाधीश सिन्हा यांनी विरोधी मत नोंदवलं होतं. आता महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, त्यात जातपंचायतीही आल्या. म्हणजे हात लावला गेला होता. कोर्टाने तो मागे खेचला.

---

जरा_थांबा

आणि मुस्लिम समाजाच्या आतून हात घालणारी माणसं महाराष्ट्रातच उभी राहिली. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला. सात! तोंडी तलाक बंद करा, समान नागरी कायदा आणा. २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघालं. दलवाई म्हणजे नंदींच्या बरोब्बर विरुद्ध टोक. त्यांना परंपरेच्या गोडव्यात रस नव्हता, आधुनिक इहवादी समाज हवा होता. आणि दोन्हीकडच्या कडव्यांना ते नकोसे होते. आज त्यांचं नाव कोण सोयीने घेतं, तो वेगळा धागा.

---

स्पष्टवक्ता

दलवाईंबद्दल आदरच आहे. तेच म्हणतोय, दलवाईंना सरकारने साथ दिली असती तर १९८६ चा शाहबानो निकाल फिरवणारा कायदा आला नसता. एका बाजूला तो कायदा, दुसऱ्या बाजूला त्याच वर्षी कुलूप उघडलं. दोघांनाही खूश करायला गेले आणि दोघांनाही भडकवून बसले. यावर तरी एकमत होईल?

---

जरा_थांबा

होईल. आज तारीख लिहून ठेवतो.

---

तंतुवाद्य

बराच वेळ वाचतोय. मी मिरजेचा. मुसलमान आहे, हे सांगायची गरज एरवी पडत नाही, इथे पडेल. आमचा धंदा तानपुरे-सतारींचा. भोपळा पंढरपूरच्या बाजूने येतो, जवारी आम्ही लावतो, वाजवणारे बहुतेक हिंदू. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाने संगीतसभा होते. वेशीबाहेर, तुमच्यासाठी मुद्दाम सांगतो : उरुसात मानाचा पहिला गलेफ (कबरीवर चढवायची चादर) चर्मकार समाजाचा असतो. परंपरेत सगळंच तुमच्या गावासारखं नव्हतं.

आता दुसरी बाजू. हेच मिरज सप्टेंबर २००९ मध्ये पेटलं. गणपतीत अफजलखान वधाच्या चित्राची कमान लावली, त्यावरून. विसर्जन रखडलं, संचारबंदी लागली. ज्या जिल्ह्यात गोटखिंडीला मशिदीत गणपती बसतो, कडेगावात हिंदू-मुसलमान मिळून गगनचुंबी ताबूत उचलतात, त्याच जिल्ह्यात. आमच्या दुकानात एक भजनी बुवा तानपुरा दुरुस्तीला टाकून गेले होते. संचारबंदी उठल्यावर आले, तानपुरा घेतला, पैसे दिले, नेहमी बसून चहा घ्यायचे, तो घेतला नाही. दोन वर्षं घेतला नाही. मग एक दिवस घेतला. का थांबले, का परत सुरू केलं, मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

तेव्हा परंपरा असली की दंगल होत नाही हे खोटं. आणि दंगल झाली की परंपरा मरते, तेही पूर्ण खरं नाही.

---

आकडेमोड

तंतुवाद्य यांच्या प्रतिसादाला दंडवत. 'त्याच जिल्ह्यात' याचं उत्तर शोधायचा प्रयत्न राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी केला आहे. १९५० ते १९९५ मधल्या हिंदू-मुस्लिम दंगलींची त्यांनी मोजदाद केली. एकूण मृत्यूंपैकी खेड्यांतले चार टक्क्यांहूनही कमी, आणि नुसत्या आठ शहरांत जवळपास निम्मे. त्या आठांत मुंबई, अहमदाबाद, अलीगढ, हैदराबाद वगैरे. देश तोच, राज्यघटना तीच, हिंदू-मुसलमान तेच, पण अलीगढ पेटतं आणि तिकडे कालिकत शांत राहतं. त्यांचं उत्तर : गावात रोजची ओळख पुरते. शहरात ती अपुरी पडते, तिथे मिश्र संघटना लागतात. व्यापारी मंडळं, कामगार संघटना, क्लब. अफवा उठली की फोन करायला कोणीतरी हवा.

दंगलींचेच दुसरे अभ्यासक स्टीव्हन विल्किन्सन यांचं उत्तर रोखठोक आहे. पोलीस राज्य सरकारच्या हातात. सरकारला अल्पसंख्याकांची मतं लागत असतील तर दंगल थांबते, लागत नसतील तर लांबते. आणि पॉल ब्रास तर म्हणतात, काही शहरांत दंगल घडवणारी यंत्रणा कायम तयार असते. अफवा पसरवणारा, गर्दी जमवणारा, नंतर त्याला 'उत्स्फूर्त' म्हणणारा, अशी वाटून दिलेली कामं. मिरजेची दंगल सप्टेंबरात आणि विधानसभेचं मतदान ऑक्टोबरात होतं, एवढंच नोंदवतो.

---

डचकॉफी

गेल्या आठ वर्षांपासून गेंटपासून गाडीने दोन तासांवर राहतो, म्हणून तिकडचं थोडं. युरोपात ही कल्पना कॅथलिक-प्रोटेस्टंट कत्तलींतून निघाली. दोघांचाही दावा की सत्य आमच्याकडेच, मग राज्याने मधे पडून म्हटलं, सत्याचं काय ते घरी बघा. फ्रान्सने १९०५ साली चर्च आणि राज्य कायद्याने वेगळं केलं आणि २००४ मध्ये सरकारी शाळांत हिजाब, मोठा क्रॉस, किप्पा (ज्यूंची टोपी) सगळ्यांवर बंदी घातली. हिजाबवर आजही तिथे वाद. म्हणजे जिथला माल तिथेही तो निर्धोक चालत नाही. बालगंगाधरांच्या युक्तिवादाला यातून बळ मिळतं की तो कमकुवत होतो, मला अजून कळलेलं नाही.

---

गावठी_तत्त्वज्ञ

आणि नेपाळ? ऐंशी टक्क्यांच्या वर हिंदू. २००६ पर्यंत जगातलं एकमेव हिंदू राष्ट्र. २०१५ च्या घटनेत देश धर्मनिरपेक्ष, पण खाली खुलासा जोडलाय : धर्मनिरपेक्ष म्हणजे सनातन काळापासून चालत आलेल्या धर्म-संस्कृतीचं रक्षण आणि धार्मिक स्वातंत्र्य. शिवाय गाय राष्ट्रीय पशू आणि दुसऱ्याचं धर्मांतर करण्यावर बंदी. शब्द एकाचा, अर्थ दुसऱ्याचा. शब्दपिपासूंनी तिकडे जाऊन राहावं.

---

शब्दपिपासू

जातो. तिकीट कोण काढतंय?

---

लूमवाला

मी पुस्तकं वाचलेली नाहीत. भिवंडीत यंत्रमागाच्या धंद्यात माझी चाळीस वर्षं गेली. आमच्याकडे ७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल झाली, मादन आयोग बसला. १९८४ ला परत झाली. मी तेव्हा तरणा होतो. आमचा शेड वाचला, शेजारचा जळला, दोन्हींच्या मधे एक गटार.

१९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि मोहल्ला समित्या काढल्या. दोन्हीकडची माणसं एका खोलीत. पहिल्या बैठकीला मी गेलो तो हसायलाच. म्हटलं, पोलीस भाषण देणार ऐक्याचं. भाषण नव्हतं. नळाला पाणी कधी येतं, पॉवर कट, गटार, अमक्याच्या पोराने तमक्याच्या पोरीला छेडलं, भाडेकरू खोली सोडत नाही, हे विषय. महिनोन्‌महिने हेच. कंटाळा यायचा. पण पोलीस चौकीत चहा पिताना ज्याच्याशी भांडलो त्याचं नाव, घर, पोरं सगळं पाठ झालं.

डिसेंबर ९२ ला मुंबई जळत होती. श्रीकृष्ण आयोगाने डिसेंबर-जानेवारी या दोन्ही महिन्यांच्या दंगलीतले नऊशे मृत्यू मोजले : ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, बाकी इतर आणि अनोळखी. भिवंडी मुंबईपासून अशी किती लांब? आणि नाव तर आमचंच बदनाम. भिवंडी पेटली नाही. त्या रात्री नाक्यावर आम्ही सहा जण उभे होतो. तिघे-तिघे. खिशात काही नाही, फक्त सगळे सगळ्यांना ओळखत होतो. अफवा आली की अमक्या गल्लीत मशीद पाडली. ज्याची ती गल्ली तो आमच्यातच उभा होता. म्हणाला, मी आत्ताच तिकडून आलो. संपलं.

मला नंदीही माहीत नाहीत आणि बालगंगाधरही नाहीत. ती परंपरा होती का धर्मनिरपेक्षता, तुम्ही ठरवा.

---

आकडेमोड

लूमवाला, तुम्ही वाचलं नसलंत तरी हे अभ्यासकांच्या लेखनात आलंय. वार्ष्णेय यांनीही भिवंडीचा दाखला दिला आहे.

---

लूमवाला

बरं वाटलं. पण गटाराचं कोणी लिहिलं का? ते अजून तुंबतं.

---

जरा_थांबा

माझी एक शंका. समित्या चांगल्याच, पण त्या एका अधिकाऱ्याच्या हिमतीवर उभ्या राहिल्या. अधिकारी बदलून गेल्यावर काय? आणि विल्किन्सन खरे असतील तर वरून हुकूम वेगळा आला असता तर त्या नाक्यावरच्या सहा जणांचं काही चाललं असतं का?

---

लूमवाला

नसतं चाललं. प्रामाणिक उत्तर.

---

संपादक

मधले अकरा प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. भाऊ रंगारींवरचे सात त्यातच आहेत. विषयाला धरून लिहा.

---

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. कालच्या रविवारी वर्ग झाला. तयारी केली होती नंदी विरुद्ध भार्गव अशी, बोललो निम्मा वेळ मिरज आणि भिवंडीवर. (लूमवाला, तंतुवाद्य, आयडी न सांगता तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले, चालेल ना?)

बालगंगाधरांचा मुद्दा मी मांडला आणि मला तो अजूनही पटतो, पण धर्मांतरापुरता. महाराष्ट्रातल्या ज्या दंगली इथे आल्या त्यात सत्य कोणाचं हा वाद कुठे आहे? १८९३ ला वाजंत्री, १९७० ला मिरवणुकीचा रस्ता, २००९ ला कमान. भांडण सगळं रस्त्यावरच्या जागेचं.

हे बोललो आणि चहासाठी येणाऱ्या चौघांतले एक, ग्रामपंचायतीतून शिपाई म्हणून निवृत्त झालेले, पहिल्यांदाच तोंड उघडून बोलले. म्हणाले, "तुमच्या आजोळचे पंजे पूर्वी मारुतीच्या देवळापुढून जात नव्हते. वरच्या आळीला वळसा घालायचे. रस्ता मोठा केला तेव्हा वळसा बंद पडला. मग चावडीत तीन रात्री बैठका. शेवटी ठरलं, पंजे देवळापुढे थांबतील, पुजारी नारळ देईल. ते नारळाचं तेव्हापासूनचं आहे." आणि मी लहानपणापासून समजत होतो की तो नारळ पूर्वापार चालत आलाय!

---

वेशीबाहेर

त्या तीन रात्रींना चावडीत आमच्यातलं कोणी होतं का, तेही विचारा.

---

कृष्णाकाठ

विचारलं. त्यांना आठवत नाही. बैठकीचं इतिवृत्त असेल म्हणाले, ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत. परवा जाऊन आलो. कपाटाला वाळवी लागली आहे, खालचे दोन कप्पे गेलेत. वरचा बघायचा राहिलाय.

---

तंतुवाद्य

वाचून दाखवलंत, हरकत नाही. वरच्या कप्प्यात काही सापडलं तर इथेच लिहा.